बाई कुणाला बोलवत नसत

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी साडेतीन वाजता आयर्लंडमधल्या मलिंगार गावी आमच्या भाड्याच्या घराची बेल वाजली. मी बेलला घाबरतो. परक्या मुलखात बेल वाजली की मला वाटतं, आपलं कुठलंतरी कागदपत्र राहिलंय आणि ते विचारायला माणूस आलाय. बायको हॉस्पिटलातली नाइट करून वर झोपली होती. मी पाय न वाजवता खिडकीशी गेलो आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. बाहेर माणसंच माणसं. वीसेक तरी असतील. प्रत्येकाच्या हातात फुलं, चेहरे गंभीर. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर कोण गेलं?

सगळ्यांच्या पुढे आमच्या सुपरवायझर बाई उभ्या होत्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात परातीएवढा केक. मी दार उघडून हात पुढे केला, तर त्या ओरडल्याच, "उंबऱ्यावर नाही!" आणि मला पोटावर केकनं ढकलत आत आल्या. आत आल्यावर रीतसर हात मिळवला.

"आज तुझा दिवस आहे," त्या म्हणाल्या.

"कसला दिवस?"

"नावाचा."

त्यांच्या लॅटव्हियात कॅलेंडरच्या प्रत्येक तारखेला दोन-चार नावं छापलेली असतात. ज्याचं नाव त्या तारखेला येतं, त्याच्या घरी त्या दिवशी माणसं जातात. वाढदिवसाचं बोलावणं करावं लागतं. नावाच्या दिवसाला कुणी कुणाला बोलवत नाही. लोक आपणहून जातात, आणि ज्याचा दिवस त्यानं केक करून, दार नुसतं लोटून वाट बघायची. आता माझं नाव त्यांच्या कॅलेंडरात कुठून असणार? पण त्या लोकांनी मे महिन्यातली एक तारीख खास ठेवलीय, ज्यांची नावं कॅलेंडरात नाहीत अशा जगातल्या सगळ्या माणसांसाठी. मी नोकरीला लागलो त्या डिसेंबरपासून बाई त्या तारखेकडे डोळे लावून बसल्या होत्या.

"बाई, मला आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं तर ते बोलावणं झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्याच स्वयंपाकघरात सुरी शोधायला गेल्या.

घरात होते मला आणि पोरीला पुरतील एवढे पोहे. मी कुकरमध्ये मावतील तेवढे डाळतांदूळ टाकले. तोवर मंडळी जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं बसून गायला लागली होती, चार आवाजांत. बायको वर दचकून उठली आणि गाऊनवर शाल घेऊन जिन्याच्या टोकाला आली. तिला खाली सगळी सोनेरी डोकी दिसली.

"अहो, हे काय?"

"माझ्या नावाचा दिवस आहे."

"म्हणजे काय?"

"ते मलापण आत्ताच कळलंय. कांदे किती आहेत?"

नर्सबाई ती. तोंडावर पाणी मारलं आणि पाचव्या मिनिटाला कढई चढवली. भजी तळली तशी गरमगरम जात होती. मंडळी खात होती, नाक पुसत होती, परत हात पुढे करत होती. बाईंनी डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना आठ-दहा भजी संपवली आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नॉर्मल."

बायकोचा चेहरा पडला. एवढ्या झोपेतून उठून केलं आणि नुसतं नॉर्मल? मला तिला नंतर समजवावं लागलं, की बाईंकडे याच्या वरचा शब्द नाही. आयरिश लोकांचं सतत 'ग्रँड, ग्रँड' त्यांना अजिबात खपत नसे. "इथे छप्पर उडालं तरी ग्रँड," म्हणायच्या. "मग चांगलं झालं तर काय म्हणणार?" त्यांच्या स्वतःच्या मुलाला नोकरी लागली तेव्हाही त्या नॉर्मलच म्हणाल्या होत्या म्हणे.

आता माझं सांगतो. मी नववीतून शाळा सोडली आणि इचलकरंजीत पॉवरलूमवर लागलो. बायको आमच्याच गल्लीतली, ती शिकत राहिली, नर्स झाली. तिनं मला का निवडलं ते मी अजून विचारलेलं नाही. विचारलं आणि ती विचार करायला बसली तर? तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्यामागून मी आणि पोरगी आलो. मलिंगारमध्ये मी चार महिने नोकरी शोधली. जिथे जाईन तिथे सर्टिफिकेट मागत. माझ्याकडे दाखवण्यासारखं होतं ते लग्नाचं.

मग कुणीतरी सांगितलं, गावाबाहेर अळंबीचं फार्म आहे, तिथे माणसं लागतात. गेलो. लांबलचक शेडमध्ये मजल्यावर मजले रचलेले वाफे, त्यात पांढरीशुभ्र अळंबी, आणि मध्ये हातात घड्याळ घेऊन उभ्या बाई. साठीच्या, आडव्या बांध्याच्या. त्यांनी कागद मागितलाच नाही. म्हणाल्या, "हात दाखव."

मी दाखवले. तळवे बघतील वाटलं, तर बोटांची टोकं चाचपायला लागल्या. "आधी काय करायचास?"

माझ्या इंग्रजीत सांगणं अवघड होतं. मी मफलरचा सुटलेला धागा घेतला, तोडला, आणि त्याला लूमवर मारतो तशी गाठ मारून दाखवली. गाठ दिसली नाही म्हणून त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"उद्या सहा वाजता," त्या म्हणाल्या.

अळंबी तोडायची म्हणजे ओढायची नाही. टोपी चिमटीत धरून हलकी फिरवायची, देठ कापायचा आणि खोक्यात ठेवायची. जरा जोर लागला की तासाभरात तिथे बोटाचा तपकिरी डाग उमटतो आणि माल बाद. पहिल्याच आठवड्यात माझ्या खोक्यांत डाग नव्हते. सगळ्या आयुष्यात कुणी शाबासकी दिली असेल तर ती त्या शेडमध्ये, आणि तीही 'नॉर्मल' म्हणून. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कुत्र्याच्या छत्र्या तोडायला एवढं लांब गेलास होय रे?"

बाई शेडमध्ये सगळ्यांना गुणगुणायला लावत. तोंड चालू असलं की हात एका लयीत राहतो, असं त्यांचं म्हणणं. गाणं कुठलंही चाले. त्यामुळे एका वाफ्यावर लॅटव्हियन, पलीकडे पोलिश, आणि माझ्या वाफ्यावर आमच्या आळीतल्या गणपतीच्या आरत्या, अशी ती शेड सकाळी सहापासून घुमायची. शिट्टी मात्र मारायची नाही. छपराखाली शिट्टी मारली की काहीतरी वाईट होतं. एकदा नव्या आलेल्या माणसानं शिट्टी मारली तर त्याला पावसात बाहेर उभं करून, "आता हवी तेवढी मार," म्हणाल्या.

माझ्या नावाला त्या शेवटी एक 'स' जोडत. त्यांच्यात पुरुषाच्या नावाला 'स' लागल्याशिवाय ते पुरुषाचं वाटतच नाही. तो 'स' मला पहिल्यांदा खटकला आणि मग आवडायला लागला. आमच्या दोघांचं इंग्रजी मिळून जेमतेम एका माणसापुरतं होतं, पण अडलं कधीच नाही.

फुलं न्यायची ती विषम संख्येत. सम फुलं मयताला. दुकानात दहाचाच गुच्छ मिळाला तर बाई त्यातलं एक फूल काढून रस्त्यात पहिला दिसेल त्याला देऊन टाकत. मलिंगारमधले कितीतरी बसड्रायव्हर छातीला फूल लावून का फिरतात, हे मला तेव्हा कळलं. आणि भाकरीचं म्हणाल, म्हणजे राय नावाच्या धान्याचा त्यांचा तो काळा, आंबूस पाव, तर तुकडा खाली पडला की त्या तो उचलून ओठांना लावत. एकदा कॅन्टीनमध्ये माझ्या हातून चपातीचा तुकडा पडला. मी सवयीनं उचलून कपाळाला लावला. समोर बाई बघत होत्या. त्या दिवसापासून माझी ट्रॉली, म्हणजे वरचे वाफे गाठायची ती चाकांची घोडी, खिडकीजवळच्या चांगल्या वाफ्यावर लागायला लागली.

घराच्या मागे त्यांनी लाकडी फळ्यांची एक खोली बांधली होती, आत दगड तापवून वाफेनं अंघोळ करायची. पहिल्यांदा पेटवली तेव्हा शेजाऱ्यांनी धूर बघून आगीचा बंब बोलावला. बंबवाले नळी घेऊन मागे धावले, तर बाई टॉवेल गुंडाळून, हातात बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बूट काढा." त्यातले दोघं पुढे महिन्यातून एकदा नेमानं वाफ घ्यायला येऊ लागले. येताना बंब आणत नसत एवढंच.

हे सगळं गोकुळ बाईंनी कसं जमवलं, हे त्यांनीच मला एकदा चहाच्या सुट्टीत सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी त्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन इथे आल्या. ओळखीचं चिटपाखरू नाही. ऑक्टोबरात त्यांच्या नावाचा दिवस आला. त्यांनी केक केला, चांगला पोशाख घातला, दार लोटून ठेवलं आणि बसल्या.

"कोण आलं?" मी विचारलं.

"वारा," बाई म्हणाल्या. "केक आम्ही दोघं तीन दिवस खात होतो."

चौथ्या दिवसापासून त्यांनी नावं गोळा करायला सुरुवात केली. दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर कुणी लॅटव्हियन बोलताना दिसला की आधी नाव विचारायच्या, मग घर. आणि त्या नावाच्या तारखेला फुलं घेऊन जाऊन उभ्या. लोक आधी घाबरले, मग लाजले, मग त्यांच्याकडे यायला लागले. त्यातून शनिवारची शाळा निघाली, गाण्याचा गट निघाला, दोन लग्नं जमली. शनिवारच्या शाळेत बाई लॅटव्हियनमध्ये विचारणार आणि पोरं मलिंगारच्या इंग्रजीत उत्तर देणार. आमच्या घरी हेच मराठीत चालतं, त्यामुळे मला तिथे अगदी घरच्यासारखं वाटे.

एवढं सगळं माहीत असून मी जी चूक केली, ती फक्त आमच्याकडचा माणूसच करू शकतो.

आमच्या घरी येऊन भजी खाऊन गेल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात बाईंच्या नावाचा दिवस आला. मी सदरा इस्त्री करून ठेवला. बायकोनं डबाभर बेसनाचे लाडू केले. आणि मी वाट बघत बसलो, बाई कधी म्हणतात, 'ये हं'. लहानपणी आई सांगायची, बोलावल्याशिवाय कुणाच्या कार्याला गेलास तर तंगडी मोडीन. आमच्यात अक्षता घेऊन दारी माणूस येतो तेव्हा ते बोलावणं. बाई काही बोलल्या नाहीत. दुपारी शेडमधली सगळी माणसं हळूहळू हात धुऊन निघून गेली. मी मनात म्हटलं, खरं आहे, आपल्याला कशाला बोलावतील. नववी नापास. कुणी चांगलं वागलं म्हणजे लगेच घरचे झालो असं थोडंच? घरी आलो, सदरा कपाटात ठेवला आणि लाडू आम्हीच खायला घेतले.

पुढचे बारा दिवस माझी ट्रॉली मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. तेराव्या दिवशी बाई वाफ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"का नाही आलास?"

"तुम्ही बोलावलं नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चपातीवर पाय दिलाय. "मी बोलावलं असतं तर आलास ते माझ्यामुळे झालं असतं. तुझं त्यात काय राहिलं?"

संध्याकाळी उरलेले चार लाडू घेऊन गेलो. सम झाले म्हणून त्यांनी एक तिथल्या तिथे खाल्ला आणि उरलेले तीन घेतले.

बाईंच्या मुलाला मी तोवर पाहिलं नव्हतं. तो डब्लिनला सँडीफोर्डमध्ये राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, बायको आयरिश. त्यांना एक मुलगी झाली होती, आणि त्या नातीला बाईंनी अजून हातात घेतलं नव्हतं. फोनमध्ये तिचा एक फोटो होता, दोन दात दिसणारा. तो फोटो त्या शेडमध्ये ट्रॉलीवर चढून, वरच्या मजल्यावर कुणी नसताना बघायच्या. दर महिन्याला त्या दोन पाव भाजत, कागदात गुंडाळून खोकं बांधत, आणि पोस्ट माझ्या वाटेवर म्हणून मी ते टाकत असे. आत चिठ्ठी नसे. पत्ता मला पाठ झाला होता.

"तुम्ही का जात नाही तिकडे?" मी एकदा धीर करून विचारलं.

"आधी त्यांनी यायचं. दार काय कुलपात आहे?"

भांडण म्हणावं तर भांडण झालेलं नव्हतं. लग्नाच्या वेळी सुनेनं इथल्या रीतीप्रमाणे सगळ्या पाहुण्यांना पोस्टानं कार्डं पाठवली, बाईंनासुद्धा. सोबत दुसरं छोटं कार्ड, येणार की नाही ते कळवा, आणि चिकन, बीफ की मासा, त्यावर खूण करा. बाईंनी ते कार्ड मला दाखवलं होतं. जपून ठेवलं होतं ड्रॉवरमध्ये.

"मुलाच्या लग्नाला मी येणार की नाही, हे मला पोस्टमन विचारतो!" त्या म्हणाल्या. त्यांनी खूण न करता ते तसंच ठेवून दिलं आणि लग्नाला गेल्या, स्वतःचा केक घेऊन. तिकडे खूण नाही म्हणजे येणार नाहीत, असं धरून त्यांची खुर्चीच मांडली नव्हती. खुर्ची आणली, सगळं ग्रँड झालं, पण त्या दिवसापासून दोन्ही बाजूंना गाठ बसली.

दुसऱ्या वर्षी गणपतीला आम्ही सँडीफोर्डजवळच्या हॉलात गेलो. तिथे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर लोक असतात. एकानं मला विचारलं, कुठे आहात? मी म्हटलं, मश्रूममध्ये. तो म्हणाला, "वा, म्हणजे ॲग्री-टेक!" मी मान हलवली. सांगायचं हे की त्या वेळी बाईंनी पावाचं खोकं माझ्याकडे दिलं होतं, एवीतेवी जातोच आहेस तर देऊन ये म्हणून. मी बायको-पोरीला आरतीला बसवून लुआस ट्रामनं दोन स्टॉप पुढे गेलो.

दार सुनेनं उघडलं. कडेवर मुलगी, केस विस्कटलेले. खोकं बघून चेहरा उजळला. "अहो, या ना आत. चहा घेणार?"

"नको नको," मी म्हटलं.

"घ्या हो थोडा."

"नको, कशाला त्रास."

"किटली चालूच आहे."

तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतला. हे एक आयरिश लोकांचं आणि आपलं अगदी सारखं आहे. चहा पिताना ती पावाचा वास घेत म्हणाली, "हा पाव मुलगी नव्या दातांनी चघळते. सासूबाई एवढ्या प्रेमानं पाठवतात, पण एकदासुद्धा या म्हणाल्या नाहीत. हा म्हणतो, नुसतं जायचं. पण असं न बोलावता कुणाच्या घरी कसं जाऊन धडकायचं? त्यांना नको असेन तर?"

मुलगा मागे उभा होता, आईसारखाच आडवा. तो म्हणाला, "ती बोलावणार नाही. तसं नसतंच ते."

"मग मी जाणार नाही. तसं नसतंच तेही."

माझा चहा तसाच राहिला. त्या बाईच्या तोंडून मी माझंच बोलणं ऐकत होतो. सदरा इस्त्री करून बसलेला मी. इकडे दार उघडं ठेवून एक बसलीय, तिकडे बोलावण्याची वाट बघत दुसरी बसलीय, आणि मध्ये पोरगी मोठी होतेय.

घरी येऊन बायकोला सांगितलं, मी कार्ड करणार.

"तुम्हाला कुणी सांगितलेत हे उपद्व्याप? त्या बाईंनी नोकरी दिलीय तुम्हाला. त्यांना कळलं म्हणजे?"

"कळणारच आहे."

"मग?"

"मग बघू. नोकरी जाईल फार तर."

हे मी बोललो खरा, पण त्या रात्री मला झोप आली नाही. त्या शेडशिवाय माझं या देशात काय होतं? तरी दुसऱ्या दिवशी जाड कागद आणला आणि जसं येतं तसं इंग्रजी लिहिलं. आमच्याकडच्या पत्रिकेचीच चाल धरली. देवाच्या कृपेनं आमच्या बाईंच्या नावाचा दिवस अमुक तारखेला आहे, तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, लहान मुलीसह अगत्य येऊन शोभा वाढवावी. वेळ, दुपारी तीन. बाईंची सही करायला हात धजला नाही, म्हणून खाली 'निमंत्रक' म्हणून माझंच नाव घातलं. बायकोनं स्पेलिंग नीट केलं, वर म्हणाली, "शोभा वाढवावी हे त्यांना कळणार नाही." मी म्हटलं, राहू दे. मग चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, कारण त्याशिवाय ते बोलावणं वाटेना. आणि त्या महिन्याच्या खोक्यात दोन पावांच्या मध्ये ठेवून पोस्टात टाकलं.

नावाच्या दिवशी मी अडीचलाच हजर. घर माणसांनी भरलेलं, टेबलावर केक, चीज, डुकराचं मांस भरलेले छोटे पाव. बाई प्रत्येकाला उंबऱ्याच्या आत ओढून घेत होत्या. मी दाराकडे बघत होतो. तीन वाजले, सव्वातीन झाले. साडेतीन वाजले. वाटलं, कार्ड पावात ओलं झालं असेल. वाटलं, तिला माझं इंग्रजी कळलं नसेल, वेडा समजली असेल.

पावणेचारला दार ढकललं गेलं. पुढे सून, मुलगी कडेवर, मागे मुलगा. आणि सुनेच्या हातात माझं कार्ड. रीतीची बाई ती, आत पाऊल टाकल्या टाकल्या ते पुढे करून म्हणाली, "निमंत्रणाबद्दल मनापासून आभार."

गाणं थांबलं. चाळीस लॅटव्हियन माणसं त्या कागदाकडे बघत होती. बाईंनी कार्ड घेतलं, चष्मा लावला, वाचलं. बोटानं कोपऱ्यावरचं हळदकुंकू घासलं, बोटाकडे बघितलं, मग सगळ्या खोलीवरून नजर फिरवत माझ्यावर आणली. मी फुलदाणीच्या मागे सरकलो. त्यांनी कार्डाची घडी घालून एप्रनच्या खिशात टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. मुलगी त्यांच्याकडे गेली. आधी रुमाल ओढला, मग नाक.

पुढचा आठवडाभर बाईंचा माझ्यासाठीचा प्रत्येक निरोप दुसऱ्या कुणाच्या तोंडून येई, मी तीन फुटांवर उभा असताना. मी घरी जाऊन, नवी नोकरी शोधायला म्हणून, ते लग्नाचं सर्टिफिकेट काढून ठेवलं. शुक्रवारी हात धुताना त्या शेजारी आल्या.

"माझ्या घराचं बोलावणं तू केलंस," त्या नळाकडे बघत म्हणाल्या. "आता लोक म्हणणार, हिच्याकडे बोलावल्यावर जातात."

"चुकलं, बाई."

"चुकलंच." त्यांनी नळ बंद केला. बराच वेळ हात पुसत राहिल्या. "सहा दात आहेत. फोटोत दोनच होते."

मी मान वर केली नाही. पण सोमवारी माझी ट्रॉली खिडकीजवळ होती.

पुढे बायकोला किलकेनीला नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे गेलो. अजून तिथेच आहोत. निघण्याच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी भर दुपारी, मी बाईंच्या वाफेच्या खोलीचं दार बसवून द्यायला गेलो होतो. बाईंची सुट्टी होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला, जमीन धुवायला काढलेली, खुर्च्या टेबलावर उलट्या. घरात भाजलेलं काही नाही. तेवढ्यात मागच्या दारातून सून आत आली, मुलीला हाताला धरून. मुलगी आता चालत होती.

"इथून चालले होते, म्हटलं डोकवावं," ती म्हणाली. सँडीफोर्डहून कुठेही जाताना मलिंगार सहज वाटेत लागत नाही. तासाभराची गाडी आहे.

मी बाईंना असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या टॉवेल सोडू लागल्या, बादली उचलू लागल्या, मला म्हणाल्या, "पीठ काढ! नाही, आधी खुर्च्या काढ! केक नाही, काहीच नाही, आज कुणाचाच दिवस नाही!"

"तुम्ही बसा हो," सून म्हणाली. तिनं एक खुर्ची उलटी होती ती सरळ केली, बाईंना खांद्याला धरून तिच्यावर बसवलं, मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं, ओल्या जमिनीवरून पायमोजे भिजवत गेली आणि किटली लावली. मग कप शोधायला लागली. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. तिनं पहिलं प्रेस उघडलं, त्यात लोणच्याच्या बरण्या. दुसऱ्यात पीठ.

कप डावीकडच्या शेवटच्या प्रेसमध्ये असतात, हे मलासुद्धा माहीत होतं. बाईंनी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. मांडीवरच्या मुलीला जरा सरळ बसवलं आणि सून एकेक प्रेस उघडत होती तिच्याकडे बघत राहिल्या.